वैजूची आठवी

१ मे १९९४, रविवार
सकाळी शाळेत झेंडावंदन, मग निकाल. आमची वैजू सातवीत पहिली. वर्गात एकवीसच पोरं, फार फुगायचं कारण नाय, असं तिची आई कुंदा म्हणाली आणि स्वतःच चार घरी साखर वाटून आली.
मला २री शिफ्ट. बॉयलरवर ठाकूर जोडीला होता. तो पेणहून येतो. म्हणाला, पेणच्या सरकारी हायस्कूलात आठवीपासून टेक्निकलचा वर्ग आहे. गणित-इंग्रजी सगळं आहेच, वर फिटिंग, सुतारकाम, ड्रॉइंग. जागा मोजक्या, परीक्षा घेऊन निवडतात. दहावीनंतर पोरं डिप्लोमाला जातात.
विचारलं, मुली घेतात का? म्हणाला, नाही असं काही म्हणत नाहीत.
हे काय उत्तर झालं? तरी फॉर्म आणायला सांगितला.

४ मे
फॉर्म आला. डब्याच्या पिशवीत ठेवलाय. कुंदाशी सवडीने बोलू.

५ मे
सवड मिळाली नाही. कुंदाने पिशवी धुवायला काढली, फॉर्म तिच्या हातात.
"हा कुणाचा कागद?"
"ठाकूरने दिलाय."
"ठाकूरची पोरगी आठवीत चाललीय?"
ठाकूरला पोरगी नाही हे तिला माहीत आहे. एक कोपरा ओला झाला होता, तो तिनेच पदराने टिपला आणि कागद तांदळाच्या डब्याखाली सपाट करायला ठेवला. म्हणाली, गावात हायस्कूल हाय, दहा मिनिटांवर. वाळला की परत करून या.

८ मे, रविवार
सुट्टी. देवळाजवळचा हातपंप परवापासून कोरडा खोकत होता. पंचायतीचा माणूस कधी येईल पत्ता नाही. बायका हंडे घेऊन उभ्या. वैजू म्हणाली, आतलं चामड्याचं वॉशर गेलं असणार, मागच्या वर्षी मिस्त्रीने बदललं तेव्हा मी सगळं बघितलंय. कुणी लक्ष दिलं नाही. मी घरून पाने आणले. तिने सांगत जायचं, मी खोलत जायचं. दोन वेळा मी उलटा फिरवला, दोन्ही वेळा ओरडा खाल्ला. वॉशर निघालं, झिजून पापुद्रा झालेलं. नवीन नव्हतं, तर जुन्या चपलेचं कातडं कापून बसवलं. पाणी आलं. पंचायतीचा माणूस येईपर्यंत टिकेल.
कुंदाने पहिला हंडा भरला. कौतुकाचा शब्द नाही. पण वाटेत हंडा कमरेवर असताना दुसऱ्या हाताने वैजूच्या केसातली माती झाडत होती.

११ मे
गावातल्या हायस्कूलचे जोशी सर घरी आले. रोह्याहून सायकल मारत येतात, उन्हातान्हात. चहा घेतला. म्हणाले, वैजयंतीला पेणला घालणार असं ऐकलं. घालू नका असं सांगायला आलो. आठवीचा पट आधीच कमी. सप्टेंबरअखेर मोजणी होते, पोरं कमी भरली तर तुकडी जाईल. हुशार पोरं निघून गेली की उरलेल्यांचे आईबापही विचार करायला लागतात.
मी विचारलं, सर, तुमची मुलगी असती तर?
त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माझी मुलगी रोह्यात इंग्रजी शाळेत जाते. म्हणून इथं येऊन बोलायची लाज वाटत होती. तरी आलो."
ते गेल्यावर कुंदा म्हणाली, माणूस खरा हाय.
मला तेच अडचणीचं वाटतं. खोटा असता तर सोपं झालं असतं.

१२ मे
३री शिफ्ट करून आलो, झोप नाही. माझं मलाच विचारून घेतो की हे टेक्निकलचं खूळ कुणाचं. वैजूचं की माझं?
मी नववी नापास. कंपनीत हेल्पर म्हणून लागलो, कोळसा ओढला, बॉयलरची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झालो. माझ्या हाताखाली शिकलेली आय.टी.आय.ची पोरं आज माझ्या रजेच्या अर्जावर सही करतात. पोरं चांगली आहेत, मामा मामा करतात. पण सही तीच करतात.
तेव्हा थोडं माझंही आहे. लिहून ठेवलेलं बरं.

१५ मे, रविवार
तिघं हमरापूरला अक्काकडे. टेक्निकलला नंबर लागला तर वैजूने माझ्या या बहिणीकडेच राहायचं, तिथून पेण जवळ, असा माझा विचार. अक्काला पुरतं विचारण्याआधीच ती हो म्हणून बसली. "माझ्या भावाची पोर माझ्याकडं नाय तर कुणाकडं राहणार गो?" हे कुंदाकडे बघून.
अक्काच्या घरी गणपतीचा कारखाना. भावजी, दोन मुलगे, सुना, सगळेच मातीत. गणपतीला चार महिने, तरी ओटीपासून परसापर्यंत पांढऱ्या मूर्ती दाटीवाटीने उभ्या. माळ्यावर निजायची जागा दाखवली. तिथेही एका अंगाला मूर्ती वाळत होत्या. वैजू खूश. अक्काच्या सुनेने तिच्या हातात ब्रश दिला, बघतो तर उंदराच्या कानाला गुलाबी रंग देत बसलीसुद्धा.
परतीच्या एसटीत कुंदा खिडकीबाहेर बघत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, काय नाय.

१७ मे
काय नाय म्हणजे काय ते आज कळलं. म्हणाली, पोरीला दुसऱ्याच्या घरी ठेवायची नाय.
"अक्काचं घर दुसऱ्याचं?"
"हो."
मी चिडलो. नको ते बोललो. माझ्या बहिणीवर भरवसा नाही तर तसं तोंडावर सांग, वगैरे. वर हेही म्हणालो की तुला स्वतःला शाळेची गोडी नव्हती, तुला काय कळणार.
ती उठून परसात गेली. वैजू पुस्तक धरून बसली होती. पान उलटत नव्हती.

१९ मे
अबोला. "भात वाढू?" "वाढ." एवढंच.

२० मे
आज कुंदाने सांगितलं. सतरा वर्षं लग्नाला झाली, एवढं मला माहीत नव्हतं. जसं आठवतं तसं उतरवून ठेवतो.
दुपारी मी २ऱ्या शिफ्टला निघायच्या आधी. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता बोलत होती.
तिचं माहेर खाडीकडचं, बाप मिठागरावर. गावात शाळा चौथीपर्यंत. ही हुशार म्हणून हिला पेणला रामवाडीत मावशीकडे ठेवली. तिथे ती नववीपर्यंत शिकली आणि मग सोडून आली, एवढं सगळ्यांना ठाऊक. शाळेची गोडी नव्हती, असं तिच्या घरचे सांगायचे. लग्नात मीही त्यावरून थट्टा केली होती. ती हसली होती तेव्हा.
म्हणाली, "मावशी वाईट नव्हती. कुणी मारलं नाय, उपाशी ठेवलं नाय. पण दुसऱ्याच्या घरात आपण मोकळं बसू शकत नाय. कुणी सांगायच्या आधीच उठून काम करायचं. पाणी भरायचं, मावशीची पोरं आंघोळ घालायची, मग शाळेत. रोज प्रार्थना झाल्यावर पोचायची. उशिरा येणाऱ्यांना बाहेर उभं करायचे. मी रोज बाहेर. आधी बाईंनी विचारलं, का उशीर? मी बोलले नाय. मग त्यांनी पण विचारायचं सोडलं."
सुट्टीत घरी गेली की आई विचारायची, बरं चाललंय ना गो? आई एवढी खूश असायची की ही म्हणायची, बरं हाय.
"एकदाच विचारायची. मी म्हणायचे बरं हाय, की तिचं समाधान. तिने दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी रडले असते."
नववीत पहिल्या सहामाहीला तीन विषय गेले. मग तीच म्हणाली, मला शिकायचं नाय.
डबा घेतला, निघालो. स्टेशनापर्यंत गेलो आणि परत आलो. ती तशीच बसली होती. म्हणालो, त्या दिवशी जे बोललो ते… ती म्हणाली, गाडी चुकेल.
चुकली. शिफ्टला वीस मिनिटं उशीर. आयुष्यात पहिल्यांदा.

२२ मे, रविवार
वैजूला बाहेर कट्ट्यावर घेऊन बसलो. सांगितलं, टेक्निकलचं राहू दे, गावातच घालू. तिने बरं म्हटलं. कारण विचारलं नाही. जेवताना दोनदा भात घेतला, आम्हाला दाखवायला.
मग तांदळाच्या डब्याखालून फॉर्म काढला परत द्यायला. तर नाव, जन्मतारीख, मार्क, सगळं पेन्सिलने भरलेलं. वैजूचं अक्षर, इतकं हलकं की उजेडात धरल्यावर दिसलं. पुढे पालकाच्या सहीची जागा कोरी.
कुंदाला दाखवला. तिनेही तो उजेडात धरला.

२३ मे
सकाळी चहा देताना कुंदा म्हणाली, "मी टेक्निकल नको म्हटलंच नव्हतं. राहायला नको म्हटलं होतं."
"मग?"
"जाऊन येऊन करता येतं का बघा."
मग आम्ही दोघं गाड्यांच्या वेळा मांडून बसलो. सकाळची दिव्याकडे जाणारी पॅसेंजर आपल्या निडी स्टेशनवरून बरोबर मिळते. शाळेआधी तास-दीड तास हातात राहतो. येतानाची गाडी उशिराची, ती नको. एसटीने नागोठणे, तिथून दुसरी एसटी. सकाळी साडेपाचला घर सोडायचं, संध्याकाळी सात वाजेपर्यंत परत. तेरा वर्षांची पोर.
कुंदा म्हणाली, रात्री तरी आपल्या घरात असेल.
सही केली. पेन्सिलीवरून पेन वैजूने फिरवलं. एक आकडा चुकला, तो पुन्हा गिरवावा लागला, त्यावरून घाबरली, फॉर्म बाद होईल म्हणून.

३ जून
परीक्षा. मला १ली शिफ्ट, रजा मिळाली नाही. कुंदाच गेली तिला घेऊन. संध्याकाळी दोघींनी सांगितलं, दोघींचं जुळत नाही. जुळतं तेवढं लिहितो.
लेखी झाली. मग वर्कशॉपमध्ये एकेकाला बोलावलं. वर्कशॉपचे सर वयस्कर. वैजूला बघून म्हणाले, मुलगी? तीन वर्षांपूर्वी एक घेतली होती. दिवाळीनंतर सोडून गेली.
कुंदा दारात उभी होती. म्हणाली, "का गेली?"
"काय कल्पना."
"कुणी विचारलं होतं तिला?"
कुंदाचं म्हणणं, मी साधंच विचारलं. वैजूचं म्हणणं, सगळे क्लार्कसुद्धा वळून बघायला लागले.
सरांनी मग वैजूला नट-बोल्टची पेटी दिली, जोड्या लाव म्हणाले. तिने लावल्या. एक बोल्ट बाजूला ठेवला. म्हणाली, याचे आटे गेलेत, याला कुठलाच नट बसणार नाही. सरांनी तो बोल्ट उचलून बघितला.
कुंदाने पेणहून येताना रामवाडीवरून मुद्दाम चालत आणलं वैजूला. मावशीचं घर आता नाही, तिथे मजली इमारत आहे. ती पोरीला काय बोलली ते दोघींनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

९ जून
ठाकूर यादी बघून आला. वैजूचं नाव आहे. खालून दुसरं, पण आहे.
कुंदाने जोशी सरांकडे स्वतः जाऊन सांगितलं. सर म्हणाले, आनंद आहे. आणि म्हणाले, सप्टेंबरअखेरपर्यंत माझ्या वर्गात तिची जागा आहे असं समजा, मन बदललं तर लाजू नका.

१३ जून
पहिला दिवस. सहाच्या आधी स्टेशनवर तिघं. वैजूच्या दप्तराला ड्रॉइंगचा लांब टी-स्क्वेअर बांधलेला, तो डब्यात चढताना दाराला अडकला. गाडी गेल्यावर कुंदा फलाटावरून हलेना. म्हणालो, चल. म्हणाली, आता नागोठण्याला पोचली असेल. मग पुन्हा थोड्या वेळाने, आता कासू.
पेण येईपर्यंत आम्ही तिथेच होतो.

२७ जून
पोर येते, जेवते, ताटावरच पेंगते. ड्रॉइंगचा कागद चुलीपासून लांब ठेवायचा म्हणून मी दोरी बांधून दिली, कपड्यांशेजारी वाळत घातल्यासारखे कागद लटकतात. रेघा मात्र सरळ. मी कंपनीत पाइपांचे नकाशे बघतो, तसेच.
वर्कशॉपमध्ये काय केलं विचारलं की म्हणते, चाललंय.

१६ जुलै
तीन दिवस धुवांधार. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर. एसटी बंद, गाड्यांचा नेम नाही. वैजू आली नाही. पेणहून शेजारच्या दुकानात फोन आला. अक्काच्या मोठ्या मुलाने शाळेतून तिला हमरापूरला नेलंय, काळजी नको.
कुंदा म्हणाली, बरं झालं अक्का हाय. मग लगेच चुलीकडे वळली.

२१ जुलै
वैजू आली. पाच दिवसांनी. कुंदाने आधी तिचे हात हातात घेतले. नखांत गुलाबी आणि सोनेरी रंग.
"शाळेत गेली होतीस?"
"गेले."
"वेळेवर?"
"दोन दिवस थोडा उशीर झाला. ऑर्डरी खूप आहेत आत्याकडे."
कुंदाने माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं झालं. रॉकेलचा बोळा घेऊन एकेक नख पुसत बसली.

२४ जुलै, रविवार
कुंदाने वैजूला तेल लावायला बसवलं होतं. मी ओटीवर, दार उघडं.
"शाळेत बरं चाललंय ना?"
"बरं हाय."
मी लिहीत होतो, हात थांबला. कुंदा तेल चोळत राहिली. बाटलीतून आणखी तेल घेतलं आणि म्हणाली, "वैजू, परत विचारते. बरं चाललंय ना?"
मग ती पोर जी रडली.
अक्काकडचं काही नव्हतं, ती तर म्हणाली आत्याकडे मजा आली. वर्कशॉपचं होतं. सहा आठवडे झाले, तिने लोखंड घासायची कानस हातात धरली ती दोन वेळा. लोखंड आवळायचे व्हाइस बारा, पोरं चोवीस. दोघांत एक. हिच्या जोडीला कुणी यायला तयार नाही. सर म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, तू रजिस्टर लिही. कुणाचा जॉब किती झाला, कुणाला किती मार्क. तेव्हापासून ती कोपऱ्यात स्टुलावर बसून चोवीस जणांची नोंद लिहिते. स्वतःच्या नावापुढेही सर सांगतात तो आकडा लिहिते. न केलेल्या कामाचे मार्क.
"आणि कमी पण देत नाय. बरे देतात," म्हणाली. त्याचंच जास्त रडू.

२५ जुलै
मी जाऊन भेटतो म्हणालो. वैजू म्हणाली, तुमी येऊ नका, मी विचारते.

१ ऑगस्ट
विचारलं. सर म्हणाले, बघू, दुसऱ्या सत्रात.
घटक चाचणीचे मार्क आले. गणितात बरी, बाकी घसरली. वर्गात चौदावी. गावातल्या आठवीत तिची मैत्रीण पहिली आली. ती संध्याकाळी येऊन सांगून गेली. मनात काही नव्हतं तिच्या, लहानच आहे. वैजूने तिला ड्रॉइंग दाखवलं.

६ ऑगस्ट, शनिवार
गेलोच पेणला. वैजूला न सांगता. कंपनीच्या कपड्यांतच गेलो, मुद्दाम. वाटेत चार वाक्यं पाठ केली होती, वर्कशॉपच्या दारात विसरलो.
सर भले आहेत. स्टूल दिलं. म्हणाले, "अहो, कानस निसटते, ड्रिल असतं. मुलीच्या हाताला लागलं तर तुम्हीच याल भांडायला. मागच्या वेळी तसंच झालं होतं."
म्हणजे त्या आधीच्या मुलीचं कारण त्यांना माहीत होतं.
मी बाही वर केली. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत वाफेने भाजल्याचा डाग आहे, चौदा वर्षांचा. म्हणालो, सर, काम शिकताना लागतं. लागलं तर मी नाय येणार.
त्यांनी डाग बघितला. कुठल्या बॉयलरवर, किती प्रेशर, असं विचारलं. अर्धा तास त्यावरच बोललो. निघताना म्हणाले, शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर मी असतो. तेव्हा व्हाइस मोकळे असतात. पाठवा.
एसटीत बसल्यावर वाटलं, लागलं तर येणार नाही असं मी कसा बोललो. माझीच पोर.

२० ऑगस्ट
लागलं. डाव्या तर्जनीला, खोल नाही. कुंदाने हळद दाबली. मी पेणला काय बोलून आलो होतो ते तिला सांगितलेलं नव्हतं, आज सांगितलं. तिने चिंधीची गाठ मारली. मग म्हणाली, "तुमी नका जाऊ भांडायला. मी गेले तर मी काय वचन दिलेलं नाय."
वैजू हसायला लागली. मग आम्ही पण.

१२ सप्टेंबर
गणपतीला अक्का आली आहे. यंदाचा धंदा बरा. आरती झाल्यावर स्वतःच कुंदाला म्हणाली, "पावसात पोर होती ना माझ्याकडं, मी तिला रंगाला बसवलं. शाळेला उशीर झाला. ती नको म्हणाली नाय, म्हणून माझ्या ध्यानात आलं नाय. नंतर सुनेने सांगितलं तेव्हा वाईट वाटलं."
कुंदा म्हणाली, अक्का, तुमच्याकडं ती मजेत होती असं सांगते.
"तरी पण."
दोघी बराच वेळ मोदकांना बसल्या होत्या. मी तिथून उठलो, माझं तिथे काम नव्हतं.
नंतर अक्का म्हणाली, थंडीत गाडीला अंधार असतो, तेवढे दोन महिने तरी माझ्याकडं ठेवा, कारखाना तेव्हा बंद असतो. कुंदाने नाही म्हटलं नाही. होही नाही.

२२ सप्टेंबर
वैजूला ताप. दोन दिवस घरी. गाडीतल्या वाऱ्याने असेल. कुंदा म्हणते, पोर वाळलीय. खरं आहे. मापात शिवलेला झगा खांद्यावरून उतरतो.
सरळ विचारलं तिला. गावात यायचंय का? जोशी सर घेतील.
"मला ठाऊक नाय, बाबा."
"तुला काय वाटतं?"
"गाडीत असताना वाटतं, गावात बरं. वर्कशॉपमध्ये असताना नाय वाटत."
मोजणीला आठ दिवस. जोशी सरांना पाच पोरं कमी आहेत, वैजू त्यांच्याकडे गेली तर चार. म्हणजे तरी पुरत नाहीत. पण सरांनी तसं म्हटलं नाही.

२५ सप्टेंबर, रविवार
ताप उतरला. शनिवारी शाळेत गेली नव्हती म्हणून वैजूने आपला जॉब घरी मागवून घेतला, ठाकूरबरोबर. लोखंडाचा चौकोनी तुकडा, काडेपेटीएवढा. सहाही बाजू एकमेकींना काटकोनात यायला पाहिजेत. मी कंपनीतून कानस आणि काटकोन तपासायचा गुण्या सांगून आणला होता.
ओटीच्या फळीवर तुकडा क्लॅम्पने आवळून सकाळपासून बसली आहे. आवाज असा की कोंबड्या परसात गेल्या. दर थोड्या वेळाने गुण्या लावते आणि उजेडासमोर धरते.
मला दाखवला. म्हणालो, छान जमलंय.
"बाबा, नीट बघा. कोपऱ्यात उजेड दिसतो."
नीट बघितलं. केसाएवढी फट. दिसते खरी.
"कंपनीत एवढं चालतं," म्हणालो.
"सर नाय चालवत."
पुन्हा बसली.
अकराच्या सुमारास जोशी सर आले. हातात वर्गाचं हजेरीपत्रक, मोजणीसाठी उद्या वर पाठवायचं आहे. सायकल लावली, ओटीवर चढताना कानशीचा आवाज ऐकून थांबले. वैजूने मान वर करून नमस्कार केला, हात काळे म्हणून जोडले नाहीत. सरांनी तो तुकडा उचलून बघितला, सगळ्या बाजूंनी, आणि होता तसा परत ठेवला.
मला म्हणाले, काय ठरलं?
मी कुंदाकडे बघितलं. ती दारात पीठ मळलेल्या हाताने उभी होती. म्हणाली, "सर, बसा. भाकऱ्या होतायत. तिचा हात मोकळा झाला की तीच सांगेल."
सर बसले. हजेरीपत्रक मांडीवर ठेवलं. कुंदाने त्यांचंही ताट मांडलं.
आता साडेबारा. भाकऱ्या झाल्यात, आमटीही. तिची पाचवी बाजू चालू आहे, आम्ही तिघं थांबलोय.